विक्रम ॲमीचे, वैमानिकाची खुर्ची पुरुषांची

मुंबईहून दुबई, शारजा किंवा दोह्याकडे निघालेल्या विमानात ध्वनिक्षेपकावरून कॅप्टनचा आवाज स्त्रीचा आला, तर आता फारसे कोणी दचकत नाही. आखाती देशांच्या विमान कंपन्यांत जगभरातून आलेल्या महिला वैमानिक काम करतात. त्यात भारतीयही आहेत. महिन्याचा पगार, कामाचे वेळापत्रक, गणवेशाच्या बाहीवरील पट्ट्या आणि बढतीची वाट पाहणे हे सारे त्यांच्याही वाट्याला सहकारी पुरुषांप्रमाणेच येते. उड्डाण हा त्यांचा पेशा आहे.

याच आखातावरून मे १९३० मध्ये एक २६ वर्षांची तरुणी एकटीने विमान घेऊन गेली होती. तिच्याकडे रेडिओ नव्हता, विमानाला छप्पर नव्हते आणि पाठीशी कोणतीही विमान कंपनी नव्हती. तिचे नाव ॲमी जॉन्सन. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियापर्यंत एकटीने विमान नेणारी ती पहिली स्त्री. या पराक्रमानंतर तिला अफाट कीर्ती मिळाली. विमान चालवण्याची साधी, नियमित पगाराची नोकरी मात्र तिला त्यानंतर कित्येक वर्षे मिळाली नाही. तिच्या आयुष्याची कहाणी विक्रमांची म्हणून सांगितली जाते; पण ती जितकी विक्रमांची आहे, तितकीच या न मिळालेल्या नोकरीचीही आहे.

मासळीच्या व्यापाऱ्याची मुलगी

ॲमीचा जन्म १ जुलै १९०३ रोजी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील हल या बंदराच्या शहरात झाला. वडील जॉन विल्यम जॉन्सन मासळीचे व्यापारी होते. चार बहिणींमध्ये ती थोरली. घरची स्थिती खाऊनपिऊन सुखी होती. शेफिल्ड विद्यापीठातून १९२५ मध्ये तिने अर्थशास्त्र विषय घेऊन पदवी मिळवली. त्या काळात विद्यापीठाची पायरी चढणाऱ्या मुली थोड्या आणि पदवी घेतल्यावर त्यांच्यासाठी खुली असलेली कामे त्याहून थोडी. शिक्षिका व्हावे किंवा टंकलेखन शिकून कचेरीत बसावे, असे दोनच मार्ग समोर होते. ॲमीने दुसरा मार्ग पत्करला.

हलमध्ये काही काळ कचेरीत काम केल्यावर १९२७ मध्ये ती लंडनला आली. तेथे एका सॉलिसिटरच्या कार्यालयात तिला सेक्रेटरीची नोकरी लागली. एका स्विस तरुणावर तिचे अनेक वर्षे प्रेम होते. त्याने १९२८ मध्ये दुसऱ्याच मुलीशी लग्न केले. हा घाव जिव्हारी लागला. त्याच वर्षी लंडनच्या उत्तरेकडील स्टॅग लेन विमानतळावरील ‘लंडन एरोप्लेन क्लब’मध्ये तिने नाव नोंदवले. सप्टेंबर १९२८ मध्ये तिचा पहिला धडा झाला. पहिल्या प्रशिक्षकाचे तिच्याविषयीचे मत अनुकूल नव्हते. एकटीने विमान उडवण्याची परवानगी मिळायला तिला इतर विद्यार्थ्यांपेक्षा अधिक तास लागले. ती उपजत वैमानिक नव्हती. मात्र चिकाटी तिच्यात भरपूर होती.

जुलै १९२९ मध्ये तिला वैमानिकाचा परवाना मिळाला. त्याच महिन्यात धाकटी बहीण आयरीन हिने आपले जीवन संपवले. या दुःखातून बाहेर पडण्याचा ॲमीचा मार्ग एकच होता, काम. क्लबच्या कार्यशाळेत जॅक हम्फ्रीज नावाच्या मुख्य यांत्रिकाच्या हाताखाली ती इंजिन उघडणे, जोडणे, तपासणे शिकू लागली. पहाटे कार्यशाळा, दिवसा कचेरी आणि संध्याकाळी पुन्हा कार्यशाळा असा तिचा क्रम होता. डिसेंबर १९२९ मध्ये तिने ‘ग्राउंड इंजिनियर’चा परवाना मिळवला. हा परवाना मिळवणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री ठरली.

हौस म्हणून विमान उडवणाऱ्या श्रीमंत घरच्या स्त्रिया इंग्लंडमध्ये तेव्हाही होत्या. त्यांना हाताला वंगण लावून घेण्याची गरज नव्हती. ॲमीला उड्डाणावर पोट भरायचे होते, म्हणून तिने यंत्राचे शिक्षण घेतले.

बंद दार

पोट भरण्याचा मार्ग सोपा नव्हता. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक आयोगाने १९२४ मध्ये प्रवासी विमानांच्या व्यावसायिक वैमानिक म्हणून स्त्रियांना मनाई केली होती. लेडी हीथ या धडाडीच्या वैमानिक महिलेने आणि इतरांनी झगडा केल्यावर १९२६ मध्ये ही मनाई उठली. कायद्यातील अडसर दूर झाला, तरी कंपन्यांच्या मनातील अडसर तसाच राहिला. प्रवासी घाबरतील, स्त्रीला थकवा लवकर येतो, असे आक्षेप त्या काळी सर्रास घेतले जात.

ब्रिटनची सर्वात मोठी विमान कंपनी होती ‘इम्पीरियल एअरवेज’. तिने ३० मार्च १९२९ रोजी लंडन ते कराची ही सेवा सुरू केली. बगदाद आणि बसऱ्यानंतर हा मार्ग इराणच्या किनाऱ्याने बुशहर, लिंगे, जास्क करीत ग्वादरमार्गे कराचीला येई. इराण सरकारशी परवानगीवरून बिनसल्यावर १९३२ मध्ये हाच मार्ग आखाताच्या अरब किनाऱ्यावर वळला आणि बहारीन, शारजा ही नावे विमानाच्या वेळापत्रकात आली. शारजात प्रवाशांसाठी बांधलेले विश्रामगृह आज संग्रहालयाच्या रूपात उभे आहे. आखाताच्या आजच्या भरभराटीच्या हवाई वाहतुकीची मुळे या मार्गात आहेत. त्या मार्गावरील विमानांच्या चालककक्षात मात्र एकाही स्त्रीला जागा नव्हती.

अशा वेळी आपली पात्रता सिद्ध करण्याचा एकच मार्ग उरला. कोणी नाकारू शकणार नाही असे काही तरी करून दाखवणे. बर्ट हिंकलर या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने १९२८ मध्ये इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया हे अंतर साडेपंधरा दिवसांत एकट्याने पार केले होते. ॲमीने तो विक्रम मोडायचे ठरवले.

‘जेसन’ची सवारी

वडील आणि वंगण तेलाचे उद्योगपती लॉर्ड वेकफिल्ड यांनी पैशांचा भार उचलला. सुमारे ६०० पौंडांत वापरलेले ‘जिप्सी मॉथ’ विमान विकत घेतले गेले. वडिलांच्या पेढीच्या व्यापारचिन्हावरून त्याचे नाव ‘जेसन’ ठेवण्यात आले. लाकूड व कापडाचे दुपंखी विमान, उघडी बैठक, साधारण १०० अश्वशक्तीचे इंजिन आणि वेग ताशी १४० किलोमीटरच्या आसपास. जादा टाक्यांतील इंधन हाताने पंप मारून वर चढवावे लागे आणि त्याच्या वासाने जीव कासावीस होई. इतक्या लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी तिने केलेला सर्वात मोठा प्रवास लंडन ते हल एवढाच होता. उड्डाणाचा एकूण अनुभव १०० तासांचाही नव्हता.

५ मे १९३० च्या सकाळी तिने लंडनजवळचा क्रॉयडन विमानतळ सोडला. निरोप द्यायला मोजकीच माणसे होती. पहिला मुक्काम व्हिएन्ना, दुसरा इस्तंबूल आणि तिसरा अलेप्पो. टॉरस पर्वताच्या ढगांनी भरलेल्या दऱ्यांतून तिने लोहमार्गाच्या आधाराने वाट काढली.

चौथ्या दिवशी खरी परीक्षा होती. अलेप्पोहून बगदादकडे जाताना वाळूच्या वादळाने ‘जेसन’ला गाठले. विमान काही क्षणांत हजारो फूट खाली ओढले गेले. समोरचे काहीच दिसेना. ॲमीने वाळवंटातच विमान उतरवले. वाऱ्याने ते उलटू नये म्हणून सामान चाकांमागे रचले, इंजिनात वाळू जाऊ नये म्हणून ते झाकले आणि हाती पिस्तूल घेऊन ती विमानाच्या शेपटीशी बसून राहिली. दूरवर कुत्री भुंकत होती. वादळ ओसरल्यावर तिने स्वतःच इंजिन सुरू केले आणि बगदाद गाठले.

बगदादला चाकांचा एक आधारदांडा मोडला. इम्पीरियल एअरवेजच्या यांत्रिकांनी तो दुरुस्त करून दिला. जी कंपनी स्त्रीला वैमानिकाच्या खुर्चीवर बसवत नव्हती, तिच्याच कामगारांच्या मदतीने ॲमीचा पुढचा प्रवास सुरू झाला.

९ मे रोजी तिने आखाताच्या कडेने सुमारे १३०० किलोमीटरचा पल्ला एका दमात पार केला. एका हाताला तापलेले डोंगर, दुसऱ्या हाताला समुद्र, वर मे महिन्याचे ऊन आणि डोक्यावर काहीही नाही. संध्याकाळी होर्मुझच्या सामुद्रधुनीवरील बंदर अब्बास येथे ती उतरली, तेव्हा तोच आधारदांडा पुन्हा मोडला. अंगाची उन्हाने लाही झालेली, डोके ठणकत होते. येथे कंपनीची कार्यशाळा नव्हती. रातोरात दुरुस्ती झाली आणि दुसऱ्या दिवशी मकरानच्या ओसाड किनाऱ्यावरून तिने कराचीकडे कूच केले. कार्यशाळेत घालवलेल्या पहाटा आणि संध्याकाळी अशा वेळी कामी आल्या.

कराचीत पाऊल, जगात खळबळ

१० मे रोजी ‘जेसन’ कराचीला पोहोचले. क्रॉयडन सोडल्याचा तो सहावा दिवस. हिंकलरपेक्षा ती दोन दिवस पुढे होती. तोवर वृत्तपत्रांनी तिची फारशी दखल घेतली नव्हती. कराचीची तार लंडनला पोहोचली आणि एका रात्रीत तिचे नाव पहिल्या पानावर आले.

मराठी वाचकाला येथे एक योगायोग सांगण्याजोगा आहे. तेव्हा सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. १९३६ मध्ये तो वेगळा झाला. म्हणजे ॲमीने हिंदुस्थानात पहिले पाऊल टाकले ते मुंबई इलाख्यात. आगाखान यांनी इंग्लंड व हिंदुस्थान यांदरम्यान एकट्याने उड्डाण करणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकासाठी ठेवलेल्या पारितोषिकाची चुरस त्याच मे महिन्यात रंगली होती. मुंबईचे जे. आर. डी. टाटा कराचीहून लंडनकडे, तर १७ वर्षांचे ॲस्पी इंजिनियर लंडनहून कराचीकडे निघाले होते. इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली, तेव्हा अडलेल्या ॲस्पींना टाटांनी आपल्याजवळचे स्पार्क प्लग देऊ केले. ती शर्यत ॲस्पींनी जिंकली. पुढे ते हवाई दलाचे प्रमुख झाले आणि टाटांनी १९३२ मध्ये कराची-मुंबई टपाल सेवा सुरू करून भारतीय विमान वाहतुकीचा पाया घातला. त्याच उन्हात, तशाच विमानांतून या तरुणांनी उड्डाण केले. त्यांच्यापुढे जे रस्ते खुले झाले, ते ॲमीपुढे झाले नाहीत.

कराचीनंतर दैव रुसले. अलाहाबाद गाठण्याआधी इंधन संपत आले आणि तिला झाशीच्या लष्करी कवायतीच्या मैदानावर उतरावे लागले. कोलकात्यानंतर रंगूनजवळ मुसळधार पावसात एका शिक्षण संस्थेच्या मैदानात विमान खड्ड्यात घुसले. पंखा मोडला, पंखांचे कापड फाटले. दुरुस्तीत मोलाचे दिवस गेले आणि विक्रम हातचा निसटला. जावात बांबूच्या खुंटांनी पंखांना पडलेली भोके तिने जखमेवर लावायच्या चिकटपट्टीने बुजवली. अखेर २४ मे १९३० रोजी ती ऑस्ट्रेलियाच्या डार्विन शहरात उतरली. सुमारे १८ हजार किलोमीटरचा प्रवास साडेएकोणीस दिवसांत पूर्ण झाला. हिंकलरचा विक्रम अबाधित राहिला, पण त्याची आता कोणाला आठवणही नव्हती.

कीर्तीचे ओझे

ऑगस्टमध्ये ती मायदेशी परतली, तेव्हा क्रॉयडनपासून लंडनपर्यंत रस्त्याच्या दुतर्फा लाखो लोक उभे होते. ‘सीबीई’ हा किताब मिळाला, तिच्यावर गाणी रचली गेली, एका मोठ्या वृत्तपत्राने १० हजार पौंड देऊ केले. त्या बदल्यात गावोगाव भाषणे, मेजवान्या आणि दर्शन देणे आले. या दौऱ्याने ती इतकी खचली की, तो अर्ध्यावर सोडावा लागला. ज्या मुलीने वाळवंटातील वादळ शांतपणे सोसले, तिला गर्दीचे प्रेम सोसवले नाही.

त्यानंतर विक्रमांमागून विक्रम झाले. जुलै १९३१ मध्ये जॅक हम्फ्रीज यांच्यासह तिने लंडनहून एका दिवसात मॉस्को आणि पुढे टोकियो गाठले. जुलै १९३२ मध्ये जिम मॉलिसन या स्कॉटिश वैमानिकाशी तिचा विवाह झाला. मॉलिसन विक्रमवीर होण्याआधी ऑस्ट्रेलियात प्रवासी विमान कंपनीचा पगारी वैमानिक होता. पत्नीला जे मिळत नव्हते, ते पतीला सहज मिळून गेले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ॲमीने लंडन ते केपटाउन हे अंतर पतीच्या विक्रमापेक्षा १० तासांहून अधिक आधी कापले.

ऑक्टोबर १९३४ मध्ये इंग्लंड ते मेलबर्न या शर्यतीत हे दांपत्य पुन्हा आखाताच्या वाटेने आले. या वेळी विमान होते दोन इंजिनांचे वेगवान ‘कॉमेट’. इंग्लंडहून थेट बगदाद, तेथून कराची. चार वर्षांपूर्वी ज्या प्रवासाला सहा दिवस लागले, तो एका दिवसाच्या आत आटोपला. पुढे वाट चुकली, मिळेल ते पेट्रोल भरावे लागले, इंजिने बिघडली आणि अलाहाबादला शर्यत सोडावी लागली. संसारही फार टिकला नाही. मॉलिसनचे मद्यपान आणि स्वैर वागणे यांतून दुरावा वाढला आणि १९३८ मध्ये घटस्फोट झाला.

दरम्यान इतर स्त्रियांचे अनुभवही वेगळे नव्हते. अमेरिकेत हेलन रिची हिला १९३४ च्या अखेरीस एका विमान कंपनीने वैमानिक म्हणून घेतले. पण खराब हवेत तिने विमान चालवू नये, असे ठरले आणि वर्षभरात ती कंटाळून बाहेर पडली. ॲमी १९३५ ते १९३७ या काळात महिला अभियंत्यांच्या संस्थेची अध्यक्ष होती आणि मुलींनी तांत्रिक शिक्षणाकडे वळावे यासाठी झटत होती. मोटारींच्या शर्यती, ग्लायडिंग, वृत्तपत्रीय लेखन असे तिचे चालूच होते. मे १९३६ मध्ये तिने केपटाउनचा विक्रम पुन्हा एकदा केला. तो तिचा शेवटचा मोठा विक्रम. लांब पल्ल्याच्या विक्रमांचे दिवस सरत आले होते. कंपन्यांची विमाने आता त्याच मार्गांवर नियमित धावत होती आणि विक्रमवीरांची गरज संपली होती. गरज होती ती पगारी वैमानिकांची, आणि ते पुरुषच असत.

अखेर नोकरी

१९३९ मध्ये ॲमीला हवी होती तशी नोकरी मिळाली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्ट्समथ आणि आइल ऑफ वाइट हे बेट यांदरम्यान प्रवाशांची ने-आण करणाऱ्या एका छोट्या कंपनीत ती वैमानिक म्हणून रुजू झाली. समुद्राची अरुंद पट्टी ओलांडायची, काही मिनिटांत उतरायचे, प्रवासी बदलायचे आणि परत फिरायचे. दिवसातून अनेकदा तेच. निम्मे जग एकटीने पालथे घातलेल्या स्त्रीच्या वाट्याला आलेला हा मार्ग. तरीही तो तिने स्वीकारला, कारण हे रोजचे काम होते आणि त्याचा पगार होता.

सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध पेटले. कारखान्यांतून तयार झालेली विमाने हवाई दलाच्या तळांवर पोहोचवण्यासाठी ‘एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरी’ ही संघटना उभी राहिली. जानेवारी १९४० मध्ये पॉलिन गोवर यांच्या नेतृत्वाखाली तिच्यात आठ स्त्रियांची पहिली तुकडी दाखल झाली. ॲमी मे महिन्यात तिच्यात गेली. स्त्रियांना पुरुषांपेक्षा २० टक्के कमी वेतन होते. समान वेतनाचा निर्णय १९४३ मध्ये झाला. तो पाहायला ॲमी नव्हती.

५ जानेवारी १९४१ रोजी ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डजवळच्या तळावर ‘ऑक्सफर्ड’ जातीचे विमान पोहोचवायला ती निघाली. प्रवास तासाभराचा होता. हवा वाईट होती, ढग दाट होते. जवळपास चार तासांनी ते विमान ठरलेल्या मार्गापासून कितीतरी दूर, थेम्स नदीच्या मुखाशी समुद्रात कोसळले. तिने हवाई छत्रीने उडी मारली होती. ‘हेझलमिअर’ या नौकेचे कप्तान वॉल्टर फ्लेचर यांनी बर्फगार पाण्यात तिला वाचवण्यासाठी उडी घेतली. त्यांनाही प्राण गमवावे लागले. ॲमीचा मृतदेह सापडला नाही. इंधन संपले, वाट चुकली की आणखी काही घडले, यावर आजही तर्क चालतात. ती ३७ वर्षांची होती.

दार उघडले, पण उशिरा

‘जेसन’ विमान लंडनच्या विज्ञान संग्रहालयात टांगलेले आहे. हल शहरात ॲमीचे पुतळे आहेत. पण तिने ज्यासाठी धडपड केली, त्याचे मोजमाप पुतळ्यांनी होत नाही. इम्पीरियल एअरवेजचा वारसा सांगणाऱ्या ब्रिटिश एअरवेजने पहिली महिला वैमानिक १९८७ मध्ये नेमली. तोवर ॲमीच्या मृत्यूला ४६ वर्षे झाली होती. स्वतंत्र भारताने त्याआधी पावले उचलली. १९५० च्या आसपास प्रेम माथुर यांनी हैदराबादच्या डेक्कन एअरवेजमध्ये काम केले, तर १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांच्या नेतृत्वाखाली इंडियन एअरलाइन्सचे केवळ महिला कर्मचाऱ्यांचे पहिले उड्डाण झाले. आज महिला वैमानिकांचे प्रमाण भारतात जागतिक सरासरीच्या दुपटीहून अधिक आहे.

आखातात हा बदल आणखी उशिरा आला. सौदी अरेबियाच्या हनादी हिंदी यांनी जॉर्डनमध्ये शिक्षण घेतले आणि २००४ मध्ये एका उद्योगपती राजपुत्राने त्यांना आपल्या कंपनीत वैमानिक म्हणून करारबद्ध केले. विमान चालवण्याचा परवाना असलेल्या या स्त्रीला आपल्या देशात मोटार चालवायची मुभा मिळाली ती जून २०१८ मध्ये.

ॲमीला अपवाद म्हणून गौरवणे जगाला सोपे गेले. अपवादाच्या गळ्यात हार घालता येतो, त्याला नोकरी द्यावी लागत नाही. होर्मुझच्या आकाशात आज एखादी महिला कॅप्टन कोणाचेही लक्ष वेधून न घेता आपले रोजचे काम करते. तिच्यासाठी रस्त्याच्या दुतर्फा कोणी उभे राहत नाही. ॲमी जॉन्सनला हवे होते ते एवढेच.